पाणी, बिअर आणि आजीचं वरण

आमच्या डिपार्टमेंटला थर्ड इयरच्या सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटतात. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बिअरसाठी पाण्याची निवड आणि प्रक्रिया'. मागच्या बाकांवरून ज्या शिट्ट्या पडल्या, तशा गॅदरिंगलाही पडत नाहीत. सर शांतपणे म्हणाले, "प्यायचं नाहीये, समजून घ्यायचंय." रात्री आईचा फोन. "विषय काय मिळाला गं?" मी म्हटलं, "वॉटर ट्रीटमेंट." अगदीच खोटं नव्हतं.

लायब्ररीत बसले आणि पहिलीच गोष्ट कळली की बिअरमध्ये 90 टक्क्यांहून जास्त नुसतं पाणीच असतं. त्यामुळे ज्या गावचं जसं पाणी, तशी त्या गावची बिअर. बोहेमियातल्या पिल्सेनचं पाणी अतिशय मृदू. तिथे 1842 साली योसेफ ग्रोल यांनी फिकट सोनेरी लागर बनवली आणि ती जगभर गेली. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या विहिरींना जिप्सम लागतं, म्हणून पाण्यात सल्फेट भरपूर. त्यात हॉप्सचा कडवटपणा खणखणीत उठतो. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त. तिथे नुसतं फिकट माल्ट वापरलं तर मॅशचा पीएच चढतो, पण काळं भाजलेलं धान्य आम्लधर्मी असल्यामुळे तो खाली येतो. म्हणून तिथे काळी स्टाउट जमली. या लोकांना आयन वगैरे काही ठाऊक नव्हतं, पण पाण्याच्या कलाने घ्यायचं एवढं कळत होतं.

आणि ज्या पीएचच्या नावाने आपण फर्स्ट इयरला रडलो, तोसुद्धा बिअरवाल्यांच्याच घरचा! 1909 साली सोरेनसन यांनी ती कल्पना मांडली, ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीत.

ब्रिटनमध्ये 1963 पासून घरी स्वतःपुरती बिअर बनवायला लायसन्स लागत नाही. (आपल्याकडे विनापरवाना बनवणं गुन्हा आहे. तेव्हा मित्रांनो, हॉस्टेलच्या बादल्यांकडे त्या नजरेने बघू नका. रेक्टर मॅडमही हा अंक वाचतात.) तिकडचे हौशी लोक आधी पाण्याचा रिपोर्ट बघतात. क्लोरीन काढून टाकतात, नाहीतर बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. पाणी फारच जड असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळतात आणि मग काट्यावर मोजून क्षार घालतात. 10 लिटर पाण्यात 1 ग्रॅम जिप्सम घातलं की दर लिटरला सुमारे 23 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 56 मिलिग्रॅम सल्फेट वाढतं. सल्फेटने कडवटपणाला धार येते, कॅल्शियम क्लोराइडमधल्या क्लोराइडने चव भरीव होते. मॅशचा पीएच साधारण 5.2 ते 5.6 मध्ये बसला की काम झालं.

यातला सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे पाणी खळखळून उकळायचं, निवू द्यायचं आणि वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं. उकळल्यावर बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या साक्यासारखं तळाशी बसतं.

हे वाचताना मी थांबले. असा पांढरा थर मी रोज बघितला होता, आमच्या घरच्या पातेल्यात.

आम्ही गावाहून पुण्याजवळच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा मी अकरावीत होते. गावी नळाला नदीचं पाणी होतं, इथे बोअरचं. आल्यापासून आजीचं वरण बिघडलं. कुकरच्या सहा शिट्ट्या होऊनही डाळ कणीदारच. एकदा पाहुण्यांसमोर बाबा हसत म्हणाले, "आई, तुझ्या हाताची चव गेली बघ." आम्ही सगळे हसलो. मीही. त्यानंतर आजीने हळूहळू स्वयंपाकघर सोडलं. भाजी निवडून द्यायची, पण गॅसपाशी यायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता होत नाही गं."

दिवाळीच्या सुट्टीत मी गावच्या नळाची एक बाटली आणि आमच्या बोअरची एक बाटली भरून आणली. लॅब असिस्टंट काकांच्या हातापाया पडून ईडीटीएचं टायट्रेशन केलं. गावचं पाणी लगेच वाइन रेडचं निळं झालं. बोअरचं होईचना, ब्युरेट दुसऱ्यांदा भरावं लागलं. हार्डनेस गावचा 80, बोअरचा 460. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे प्यायला चालेल, पण डाळीला नाही. पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा फुटूच देत नाही.

पुढच्या शनिवारी घरी गेले. रात्री बोअरचं पाणी उकळून ठेवलं. सकाळी वरचं नितळ पाणी काढून आजीसमोर ठेवलं आणि म्हटलं, "आजी, तू लाव कुकर." ती तयार होईना. शेवटी माझ्या हट्टापायी उठली. एका डब्यात ते पाणी, दुसऱ्यात थेट नळाचं. डाळ तीच, शिट्ट्या तेवढ्याच.

झाकण काढलं. एका डब्यात लोण्यासारखी डाळ, दुसऱ्यात नेहमीची. मी पीएच, पेक्टिन वगैरे सांगायला लागले, पण आजी ऐकत नव्हती. ती पळीने डाळ घोटत होती. मग म्हणाली, "म्हणजे वाण्याशी मी उगाच भांडले एवढे दिवस."

बाबा काही बोलले नाहीत. वरण मात्र तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा वाढताना आजी त्यांना म्हणाली, "पाण्याची चव आहे हो, हाताची नाही."

सेमिनार बरा झाला. मार्क 25 पैकी 19. प्रश्नोत्तरांत सरांनी विचारलं, "याचा इथे उपयोग काय?" मी वरणाचं सांगितलं. या वेळी शिट्ट्या पडल्या नाहीत. एक्स्टर्नल मॅडमनी मात्र नंतर बाहेर गाठून विचारलं, "पाणी किती वेळ उकळायचं गं?"

आईला विषयाचं खरं नाव अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी नेला की कळेलच.