डिसेंबरचा बर्फ

स्कीइंगच्या जगात गुलमर्ग हे लहान ठिकाण. आल्प्समधल्या मोठ्या रिसॉर्टांमध्ये शंभराच्या वर लिफ्ट असतात. इथे एक गंडोला, एक चेअरलिफ्ट आणि काही छोट्या लिफ्ट, एवढंच. गंडोलाचा पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला. तो कोंगडोरीच्या मधल्या स्टेशनपर्यंत जातो. दुसरा 2005 चा. तो थेट अफरवतच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर उघडा डोंगर. यंत्राने दाबून केलेल्या वाटा थोड्याच. बाकी बर्फ आभाळातून पडला तसाच. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला नंगा पर्वत दिसतो, आणि रोज वर जाणाऱ्यांचीही पावलं तिथे जरा थबकतात.

हिवाळाभर मी इथेच असते, स्कीइंग शिकवते. गंडोलाच्या रांगेत मराठी कानावर पडली नाही असा दिवस क्वचितच. त्या रांगेतले लोक आणि ओळखीची तरुण मंडळी मला हमखास विचारतात, की एका डोंगरावर इतके दिवस काय करता, कंटाळा येत नाही का? माझं उत्तर असं, की जो काही धंदा मला येतो तो डोंगर एकच होता म्हणून आला.

आधी बर्फाबद्दल. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ डिसेंबर ते मार्च या काळात पीर पंजालवर आदळतात. ढग वर चढतात, गारठतात आणि ओझं टाकतात. गार हवेत पडलेल्या ताज्या पावडरचं वजन घनमीटरला पन्नास ते शंभर किलो, पाण्याचं हजार. म्हणजे त्या ढिगात दहातले जवळजवळ नऊ हिस्से किंवा त्याहूनही जास्त हवाच असते. एका रात्रीत बर्फ गुडघाभर साचतो, कधी मांडीभर.

दाबलेल्या उतारावर शिकलेला माणूस या बर्फात आला की बावचळतो. तिथे स्कीची धार बर्फात रुतवून वळायचं असतं. इथे धारेला धरायला काही नसतंच. तो घाबरून मागे रेलतो, मांड्या भरून येतात, स्कीची टोकं भरकटतात. मी त्याला आधी वेग घ्यायला सांगते. वेग आला की रुंद स्की आपोआप वर तरंगते. मग दोन्ही पाय जवळ, वजन दोन्हींवर सारखं, हात समोर. गुडघे सावकाश वाकवले की तळव्यांखालचा बर्फ दाबला जातो आणि क्षणभराने उलट वर ढकलतो. शरीर हलकं होतं तो क्षण वळायचा. ओढाताण करायची नाही. पुन्हा खाली, पुन्हा वर. हे जमलं की कानांवर वाऱ्याशिवाय काही येत नाही, छातीवर बर्फ उडत राहतो, आणि माणूस खाली पोचल्यावर थोडा वेळ बोलतच नाही. शिकवणारीला याहून मोठं सुख मला माहीत नाही.

पण वळणं आठवड्या-दोन आठवड्यांत येतात. खरं शिक्षण त्यांच्या खाली असतं, अक्षरशः खाली.

डिसेंबरच्या अखेरीस चिल्ला-ए-कलान सुरू होतो, काश्मीरचे कडाक्याचे चाळीस दिवस. त्याआधी थोडा बर्फ पडलेला असतो आणि मग पुष्कळदा आभाळ मोकळं होतं. थर पातळ, वरची हवा उणे पंधरा आणि खाली जमीन शून्याच्या आसपास. एवढ्याशा जाडीत तापमानाचा इतका फरक असला की खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण एकमेकांना सोडून कोनदार, सुटे होतात. असा बर्फ मुठीत दाबला तर गोळा होत नाही, भाजलेल्या रव्यासारखा बोटांतून ओघळतो. त्याच्यावर जानेवारी-फेब्रुवारीत मीटर-दीड मीटर जड थर बसतो, वारा त्याला घट्ट करतो, आणि वरून पाहणाऱ्याला निव्वळ सुंदर पांढरा उतार दिसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, म्हणजे स्कीला सर्वांत मजेचा, तोच हिमस्खलनालाही सर्वांत सोयीचा. आणि त्यात सापडणाऱ्या बहुतेकांनी तो थर स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनाने तोडलेला असतो.

म्हणून फावडं. मी विद्यार्थ्यांना जमिनीपर्यंत खणायला लावते. खड्ड्याची एक भिंत फावड्याने तासून सपाट करायची आणि वरून खाली बोटांनी चाचपत यायचं. मूठ सहज आत जाते तो थर मऊ. मग चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. कडक थराखाली एकदम मूठ आत गेली की तिथे थांबायचं, खूण करायची. नंतर तीस सेंटिमीटर चौरसाचा एक खांब सुटा करायचा, त्याच्या माथ्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि मारायचं: दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कोपराच्या दुसऱ्या-तिसऱ्या थापेला खांबाचा वरचा भाग ड्रॉवरसारखा सरकून पुढे आला, की पाहणाऱ्यांचे चेहरे बदलतात. त्या दिवशी मोठ्या उतारावर जाण्याचा आग्रह कुणी धरत नाही.

2024 च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. कुरणावर पिवळं गवत, पर्यटक परत फिरलेले, हॉटेलवाले हवालदिल. महिना संपता संपता बर्फ आला, फेब्रुवारीत भरपूर आला, सगळ्यांना उधाण आलं. 22 फेब्रुवारीला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीपटू त्यात गेला. गंडोलाच्या मुख्य उतारावर गस्तीपथक सुरुंग लावून बर्फ आधीच पाडतं. त्या हद्दीबाहेर ज्याचा त्याचा हिशेब. बीकन (गाडलेल्याला शोधायचं यंत्र), लांब सळई, फावडं हे तिन्ही प्रत्येकाच्या अंगावर हवंच, कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तरच आशा मोठी. पण ही साधनं घटना घडल्यानंतरची.

टनमर्गच्या एका गाईडसोबत मी बरेचदा वर जाते. त्याने कुठला अभ्यासक्रम केलेला नाही. लहानपणी घरच्या फळ्या पायांना बांधून तो उतरायला शिकला. फेब्रुवारीतल्या एका लखलखीत सकाळी, रात्रभर बर्फ पडून गेल्यावर, वरच्या एका मोठ्या कुंडाच्या काठावर तो थांबला. समोर एकही रेघ नव्हती. त्याने काठी उलटी खुपसली, दाबली, काढली. “नीचे वाला अभी बैठा नहीं है, दीदी.” ख्रिसमसच्या आसपासच्या मोकळ्या, कोरड्या रात्री त्याच्या ध्यानात होत्या. कुठल्या घळीत तेव्हा बर्फ होता आणि कुठल्या घळीत नुसते दगड, हेही. ज्या घळीत तेव्हा काहीच नव्हतं तिथे आता तळाचा तो सुटा थरही नव्हता. ती त्याने निवडली, सुटे कण नाहीत ना हे खणून बघितलं, आणि आम्ही एकेक करून उतरलो. खालच्या जंगलात, फर आणि कैलच्या झाडांमधून, बाबा रेशींच्या जियारतीपर्यंत पावडर तशीच होती.

मोठ्या रिसॉर्टमध्ये हा गाईड तयार झाला असता असं मला वाटत नाही. तिथे आज हा डोंगर, उद्या तो. उतार वाईट असला की लिफ्ट बदलता येते. इथे बदलायला दुसरं काही नाही. तोच उतार कडक झालेला, वाऱ्याने खरवडलेला, उन्हाने पापुद्रा धरलेला, पुन्हा भरलेला असा रोज बघावा लागतो. तीन दिवसांसाठी येणाऱ्याला फक्त वरचा थर भेटतो, आणि त्याला वाटतं डोंगर भेटला.

पुण्या-मुंबईचे ट्रेकर आता स्कीइंगकडे वळताहेत याचा मला फार आनंद आहे. सह्याद्रीत हाडं मुरलेली ही मुलं धीट असतात आणि ऐकतातही. कधी यावं, असं ती फोनवर विचारतात. मजा हवी असेल तर जानेवारीच्या अखेरीपासून पुढे कधीही या, असं मी सांगते. शिकायचं असेल तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या, गवताची टोकं वर दिसत असताना. तेव्हा स्की फारशी चालणार नाही. आपण खणू, कुठे काय पडलंय ते वहीत लिहून ठेवू, आणि फेब्रुवारीत तीच वही घेऊन पुन्हा वर जाऊ.