कोठीची खोली

बेळगावात आम्ही घर बांधावयास काढले आहे. जागा तीस बाय चाळीसची, म्हणजे अवघी १२०० चौरस फूट. निवृत्तीला चार वर्षे उरलेली आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब रोज रात्री उशाशी. तरुण इंजिनिअरांनी आणलेल्या नकाशात स्वयंपाकघराला लागून सहा बाय आठचा एक चौकोन होता व त्यावर इंग्रजीत लिहिले होते, 'बटलर्स पॅन्ट्री'. सरकारी मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या घरी बटलर! सौ. पदर तोंडाला लावून हसल्या.

बटलर हा मुळात बाटल्यांचा रखवालदार. त्याचे नावच जुन्या फ्रेंचमधील बाटलीवाचक शब्दावरून आले. विलायतेतील बड्या घरांत त्याच्या खोलीत चांदीची भांडी घासून कुलपात ठेवीत, आणि कित्येक ठिकाणी तो रात्री तेथेच निजे. आपल्याकडचा त्याचा भाऊबंद म्हणजे कोठावळा. शिवकालीन बारा महालांत 'कोठी' हा एक स्वतंत्र महाल होता, आणि आमच्या निपाणीहून फार दूर नसलेल्या पन्हाळ्यावर अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या धान्यकोठ्या आजही उभ्या आहेत. तेव्हा कल्पना परकी नव्हती, पाटी तेवढी परकी होती.

खरे सांगावयाचे तर त्या चौकोनावर आमचा डोळा निराळ्याच कारणासाठी होता. एम. ए. च्या दिवसांपासूनची आमची पुस्तके ट्रंकांतून बिऱ्हाडामागून बिऱ्हाडे हिंडली आहेत. अठ्ठेचाळीस चौरस फुटांत ती अंग पसरून बसली असती. पुण्याहून आलेल्या सूनबाईंनी आमचीच बाजू घेतली. "बाबा, हल्ली सामान दहा मिनिटांत दारात येतं. वर्षाचं भरून ठेवायचं कशाला?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. धान्य साठवावयाचे म्हणजे त्याला ऊन द्यावे लागते, पाखडावे लागते, कडुनिंबाचा पाला घालावा लागतो. बेळगावच्या पावसाळ्यात नुसते ओल लागले तरी पोरकिड्यांची पंगत बसते. ते करणारे हात आता घरोघरी राहिले आहेत कोठे?

पण निपाणीच्या घरातील कोठी आम्हांस विसरवेना. बाहेर सोप्यात तंबाखूचे बोद. त्यांचा उग्र दर्प उशा-पांघरुणांतही शिरे. कोठीत मात्र तो कधी शिरला नाही. तेथे शेणाने सारवलेली ज्वारीची कणगी, दादरा बांधलेल्या लोणच्याच्या बरण्या, एरंडेल चोळलेली तूरडाळ आणि कोपऱ्यात गुळाच्या ढेपा. किल्ली आजीच्या कमरेला.

मार्च-एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूच्या रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. गावोगावच्या बायका भाकरी थापून पाठवीत. आजीने किल्ली कमरेची काढून आईच्या हाती दिली. त्या घरात सुनेच्या हाती ती प्रथमच गेली. आई पहाटे कणगीतून ज्वारी काढी आणि दुपारपर्यंत चुलीपुढून उठत नसे. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे प्राण गेले, आणि संध्याकाळी भाकऱ्यांची बुट्टी तशीच भरलेली घरी परत आली. आई ती बुट्टी घेऊन कोठीत गेली व दार लावून घेतले. आतून आवाज आला नाही. आम्ही उंबऱ्यावर बसून राहिलो. किल्ली पुढे आजीने परत मागितली नाही.

आज आई चौऱ्याऐंशीची आहे आणि तिची दृष्टी जवळजवळ गेली आहे. भाड्याच्या घरात डबे आज या फळीवर, उद्या त्या फळीवर. गेल्या महिन्यात तिने मीठ समजून आमटीत खायचा सोडा घातला. कोणी काही बोलले नाही. आमच्या नातवाला मात्र हसू आवरले नाही. त्या दिवसापासून आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकलेले नाही. विचारले तर म्हणते, "तुमचं तुम्ही करा."

नकाशा पुढ्यात घेऊन आम्ही तिच्यापाशी बसलो आणि चौकोन कोठे आहे ते तिचे बोट धरून दाखविले. "कोठी करू या काय?" असे विचारले. ती बराच वेळ गप्प होती.

पुस्तकांचे काय, ते आमचे आम्ही पाहू; निम्मी शाळेला देण्याचा विचार आहे, निम्म्यांबद्दल सौ. अद्याप काही बोललेल्या नाहीत. इंजिनिअरांनी 'बटलर्स पॅन्ट्री' खोडून कन्नडमध्ये 'उग्राण' असे लिहिले. गवंड्याला तोच शब्द कळतो, आणि अर्थ आमच्या कोठीचाच आहे. दार कोणीकडे ठेवायचे एवढेच उरले होते. तेही आईनेच सांगितले.

"आत गेलं की उजव्या हाताला भिंत लागाय पाहिजे बघ. मग मला कुणाला हाक माराय नको."