लंडनचे दोन दिवस

शिक्षणासाठीं लंडनला असतां एका शुक्रवारीं आम्ही पिकॅडिलीच्या दिव्यांच्या झगमगाटांत मध्यरात्रीपर्यंत हिंडलों. शनिवारीं ब्रिटिश म्यूझियममध्यें अमरावतीच्या स्तूपाच्या शिळा पाहिल्या. सोबतच्या इंग्रज सहाध्यायानें विचारलें, “तुमच्या गांवाजवळ असें कांहीं आहे काय?” आमची मान खालीं गेली. खालापूर तालुक्यांतून आगगाडीनें रोज कर्जतच्या शाळेस येणाऱ्या आम्हीं राजमाचीखालचीं कोंडाण्याचीं लेणीं कधींच पाहिलीं नव्हतीं!

सुटींत परततांच तेथें गेलों. चैत्यगृहाच्या दर्शनी भागीं ब्राह्मी लेख आहे. जाणत्यांनीं अर्थ सांगितला: कान्हाचा शिष्य बलक यानें हें केलें. बालमित्रांनो, सुमारें दोन हजार वर्षें एका शिष्याचें नांव आमच्या दाराशीं होतें. तें पाहण्याची बुद्धि मात्र आम्हांस लंडनमध्यें झाली.