नातवंडांसह अंबादेवीस

राजापेठेहून अंबादेवीस जातांना लहान मुलांस अवश्य सोबत न्यावें. मात्र दर्शनाची घाई करूं नये. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीचें हरण श्रीकृष्णानें येथूनच केलें, ही परंपरागत कथा ऐकतांच आमचीं नातवंडें रथाची वाट शोधूं लागलीं. शेजारच्या एकवीरेच्या देवळापर्यंत त्यांस थकवा म्हणून जाणवला नाहीं. तेथें आम्हीं दुसरीही हकीकत सांगितली. अंबादेवीच्या देवळांत प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानलेल्या बांधवांस १९२७ सालीं, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं ह्याच नगरींत परिषद भरवून, सत्याग्रहाचा विचार करावा लागला.

“आजोबा, देवीनेंच त्यांना येऊं नका म्हटलें होतें का?” धाकटीनें विचारलें.

“देवीनें नव्हे, बाळ, आपल्यासारख्या घरांतील माणसांनीं.”

मुलांस क्षेत्र दाखवावयाचें, तर हेंही वडीलधाऱ्यांनींच सांगावें, असें आम्हांस वाटतें.