टँगो कुणाच्या पायांचा?

माझं पोरगं नाचाच्या क्लासला जातं. गावकुसाबाहेरच्या हलगीवाल्याचा पणतू टँगो शिकतो, याचा मला आनंदच झाला. पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणालं, "पप्पा, सर म्हणाले हा युरोपियन नाच आहे. खानदानी लोकांचा."

खानदानी म्हटलं की आपल्या मनात पाल चुकचुकते. मी वाचायला बसलो.

दोस्तहो, टँगो जन्मला दक्षिण अमेरिकेत. ब्युनोस आयरिस आणि मोंतेविदेओ या दोन बंदरांत. तिथं आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणलेली. १८१० च्या सुमारास ब्युनोस आयरिसमध्ये दहा माणसांत तीन काळी होती. मालकाचं राबायचं आणि सुट्टीला एकत्र येऊन ढोल बडवायचा, नाचायचं. त्या नाचाचं नाव कांदोंबे. आणि काळे जिथं जमून नाचत त्या जागेला, त्या नाचाला लोक म्हणत टँगो. म्हणजे नावच त्यांच्या वस्तीतलं.

१८८३ साली व्हेंतुरा लिंच या माणसानं लिहून ठेवलंय, की वस्तीतली टगी पोरं मिलोंगा नाचतात आणि काळ्यांच्या नाचाची टिंगल म्हणून त्यांनी तो काढलाय. बघा! हसायचं त्यांनाच आणि नाचायचंही त्यांचंच. टिंगल करता करता ती कमरेची मोडणी, तो मधेच थांबणारा पाय टवाळखोरांच्या अंगात मुरला. १८९७ ची 'एल एन्त्रेरियानो' ही गाजलेली चाल रोसेंदो मेंदिसाबाल या काळ्या पियानोवाल्याची. पुढं १९१३ च्या सुमारास पॅरिसनं टँगो डोक्यावर घेतला, तेव्हा कुठं ब्युनोस आयरिसच्या बड्या घरांना तो गोड लागला.

मग काळे गेले कुठं? १८८७ च्या शिरगणतीत ते दोन टक्केही भरले नाहीत. लढायांत मेले, १८७१ च्या पिवळ्या तापात मेले, युरोपातून आलेल्या लाखोंच्या गर्दीत बुडाले. पण सगळेच काही मेले नव्हते. कित्येकांना कागदावर 'गव्हाळ' म्हणून लिहून टाकलं. माणूस जिता, कागदावर गायब. २०२२ च्या शिरगणतीत तीन लाखांहून जास्त लोकांनी सांगितलं, आम्ही आफ्रिकेच्या वंशाचे.

इथं मी पुस्तक मिटलं.

माझ्या आज्याची हलगी होती. लग्न कुणाचंबी असो, मढं कुणाचंबी असो, वाजवायचं यानंच. बदल्यात शिळी भाकर. १९५६ नंतर, धर्मांतर केल्यावर बापानं ती चुलीत घातली. "ह्यो गुलामीचा पट्टा हाय," म्हणाला. बाप चुकला नाही. भाकरीसाठी वाजवणं बंद व्हायलाच पाहिजे होतं.

पण मी काय केलं? शाळेत, नंतर हापिसात कुणी विचारलं तर सांगायचो, आजा शेतकरी होता. शेत कुठलं? ढेकूळ नव्हतं. माझ्याच हातानं मी आज्याला 'गव्हाळ' लिहिलं.

पट्टा जाळणं वेगळं आणि माणूस पुसणं वेगळं. हे कळायला मला ब्युनोस आयरिसला जाऊन यावं लागलं, तेही पुस्तकातून.

पोराला सगळं सांगितलं. त्यानं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "नाचाला जात नसते." नसेल. नाचणाऱ्याला होती ना! ज्यांच्या हातात कागद-लेखणी कुणी दिली नाही, त्यांनी आपलं म्हणणं पायांत आणि बोटांत ठेवलं. नाचाचा इतिहास म्हणूनच पाहिजे. नाहीतर टँगो खानदानी होतो आणि आजा शेतकरी.

पोरानं विचारलं, "पणजोबा काय वाजवायचे?" मला एक ठेका सांगता आला नाही.

गावी नव्वदीला आलेली आत्या आहे. तिला आज्याचे ठेके तोंडानं बोलता येतात. येत्या रविवारी पोराला घेऊन जाणार आहे, वही घेऊन.