हान्सचा खडक

उत्तर ध्रुवापासून हजारएक किलोमीटरवर, कॅनडाचं एल्समिअर बेट आणि ग्रीनलंड यांच्या मधल्या चिंचोळ्या समुद्रात हान्स बेट आहे. बेट कसलं, १.३ चौरस किलोमीटरचा उघडाबोडका खडक. झाड नाही, वस्ती नाही.

१९७३ मध्ये कॅनडा आणि डेन्मार्क यांनी समुद्रतळाची वाटणी केली. नकाशावरची रेघ बेटाच्या एका काठाशी थांबली आणि पलीकडच्या काठापासून पुन्हा सुरू झाली. मधला खडक कोणाचा, ते तसंच राहिलं. १९८४ मध्ये डेन्मार्कचे ग्रीनलंडविषयक मंत्री टॉम हॉयम तिथे झेंडा रोवून दारूची बाटली ठेवून आले. मग हा खेळच झाला. कॅनडाचे लोक आले की डॅनिश झेंडा उतरायचा, मेपलच्या पानाचा चढायचा आणि मागे व्हिस्की राहायची. जगाने याला ‘व्हिस्की युद्ध’ म्हटलं. पण २००५ मध्ये कॅनडाचे संरक्षणमंत्री बिल ग्रॅहम बेटावर उतरले, तेव्हा डेन्मार्कने रीतसर निषेध नोंदवलाच. बांधाचं भांडण ते. बांधावर गवताची काडी उगवो न उगवो.

या गमतीत, ज्याच्या नावाचं हे बेट, तो हान्स मात्र कुठेच नसतो.

हान्स हेंड्रिक हा ग्रीनलंडचा शिकारी. १८५३ मध्ये एलिशा केन या अमेरिकी संशोधकाबरोबर निघाला, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. पुढे तो ‘पोलारिस’ जहाजाच्या मोहिमेत गेला. ऑक्टोबर १८७२ मधल्या एका वादळी रात्री बर्फ फुटला आणि १९ माणसं जहाजापासून तुटून एका हिमखंडावर अडकली. त्यांत हान्स, त्याची बायको आणि चार मुलं. धाकटं दोन महिन्यांचं, जहाजावरच जन्मलेलं. साडेसहा महिने ही मंडळी दक्षिणेकडे वाहत राहिली, सुमारे २,९०० किलोमीटर. त्यांना जगवलं ते हान्स आणि एबिअरबिंग या दोन इनुइट शिकाऱ्यांनी. सील श्वासासाठी वर येतो त्या भोकापाशी, हालचाल न करता, ताटकळत उभं राहायचं. मांस पोटात, चरबी दिव्यात. एप्रिल १८७३ अखेर लॅब्रडोरजवळ ‘टायग्रेस’ जहाजाने त्यांना उचललं, तेव्हा एकोणीसच्या एकोणीस जिवंत होते.

ग्रीनलंडी लोक बेटाला तार्तुपालुक म्हणतात. आकार मूत्रपिंडासारखा, म्हणून. १४ जून २०२२ रोजी ओटावात करार झाला, मंत्र्यांनी शेवटच्या बाटल्या बदलल्या आणि खडकातल्या एका नैसर्गिक घळीवरून सीमा गेली. शिकारीसाठी जाणाऱ्या इनुइटांना ती घळ पूर्वीसारखीच ओलांडता येईल, हेही तेव्हाच ठरलं.