देवास गेटहून नर्मदेकडे

उज्जैनीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी मंडळींच्या कित्येक यात्रांचा आरंभ देवास गेटच्या मोटार-स्थानकावर झाला आहे. एका श्रावणात आम्हीही तेथूनच इंदूर-बडवाह मार्गाने ओंकारेश्वरास निघालो. पिशवीत कणकेच्या गोळ्या होत्या. रामघाटावर माशांना गोळ्या घालण्याची आमच्या आजीची रीत. नर्मदेतल्या ‘बाडसा’चे वर्णनही तिच्याच तोंडून ऐकलेले.

बाडस म्हणजे नर्मदेचा महसीर. दक्षिणेतील त्याच्या भावंडास आपण ‘खडस’ म्हणतो. पुण्याच्या मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ साली केले. बाडस रोहूच्याच कुळातला. मोठाले सोनेरी खवले, जाड ओठ आणि चार मिशा ही त्याची ओळख. जबड्यात दात नाहीत. ते असतात घशात, आणि त्यांनी तो गोगलगायींची कवचे फोडतो. काठच्या झाडांची पाण्यात पडलेली फळेही त्यास चालतात.

पावसाळ्यात नदी फुगली की हा मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ वाहत्या पाण्यात, वाळू-गोट्यांवर अंडी घालतो. पाणी थांबले, गोट्यांवर गाळ साचला, की अंडी गुदमरतात. इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर या धरणांनी नर्मदेची लांबच लांब पात्रे संथ जलाशय झाली. वाळूच्या उपशाने उरलीसुरली जागाही हिरावली. मध्य प्रदेशाने २०११ साली महसिरास राज्यमत्स्याचा मान दिला. बडवाहच्या वनविभागाने त्याच्या पैदाशीचे प्रयत्नही केले.

ओंकारेश्वरी आम्ही नावेतून गोळ्या टाकल्या. लहानसहान मासे झुंबड करून आले, बाडस नव्हता. वृद्ध नावाडी म्हणाला, “आमच्या वडिलांच्या जाळ्यात यायचा. आमच्या मुलांनी पाहिला नाही.”

परतताना आम्ही रामघाटावर गेलो. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाशी सोडले जाते. म्हणजे समोर नर्मदाही होतीच. परंतु नळांतून पाणी आणता आले, तरी बाडसाला हवी असलेली धावती नदी त्यासोबत येत नाही. आजी असती तर तिला हे कसे सांगावे, ते आम्हांस सुचेना. उरलेल्या गोळ्या आम्ही क्षिप्रेतील माशांना घातल्या.

वाचकांपैकी कोणी नर्मदातीरी गेल्यास नावाड्यापाशी बाडसाची चौकशी अवश्य करावी. निदान नाव तरी मुलांच्या कानी पडेल.